नापतौल

पितळेचं एक किलो माझ्या पेटीत आहे.
लाल मखमलीच्या खळग्यात बसतं. बोटांनी धरायचं नाही,
चिमटा आहे, पुसायला मऊ कातड्याचा तुकडा.
घामानंही वजन वाढतं, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं.
एकतीस वर्षं मी ते इंदूरभर हिंडवलं,
सियागंज, मल्हारगंज, जुनी इंदूर,
आणि दर वर्षी त्याचीही परीक्षा करवून घेतली,
कारण जो तपासतो त्यालाही कुणीतरी तपासावं लागतं.
हे कायद्यात आहे. वजनांपुरतं.

कायद्यात आणखी एक शब्द आहे : अनुज्ञेय फरक.
काटा किती ढळला तर माफ, याचं कोष्टक.
पूर्ण खरं माप कुणाचंच नसतं,
हे कबूल करणारा एवढा एकच सरकारी कागद मी पाहिला.

मंगळवारी यादी आली.
एकाच गल्लीतली अकरा दुकानं.
नावं वाचली आणि मला कळलं.
तुम्हालाही कळलं असतं.
साहेबांना विचारलं, हीच का?
म्हणाले, "लांभाते, कायदा मोडायला सांगतोय का मी?
पाळायलाच सांगतोय ना?"
याला उत्तर होतं. मला ते रात्री अडीचला सुचलं.

गेलो.
सात दुकानं ठीक, चारांत माप कमी.
नसरीनबीचं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन
सात ग्रॅम हलकं. सासूच्या वेळचं.
शेंगदाणे तोलता तोलता तळव्यांनीच झिजलं असावं,
तळाचं शिसं गुळगुळीत, शिक्का दिसेना.
कोष्टकात 'झिजलं असावं' असा रकाना नाही.
दंड लिहिला, पावती फाडली.
ती म्हणाली, "आप सही हैं, साहब."
शिवी दिली असती
तर घरी येईपर्यंत विसरलो असतो.

कुणीतरी फोन धरून उभं होतं.
संध्याकाळी माझा हात, माझा चिमटा, माझं पितळ
शहरभर पोचलं. खाली अक्षरं : देख लो इनकी तौल.
सात ठीक दुकानं त्यात नव्हती.
वरच्या मजल्यावरचे बुळे म्हणाले,
"वा! शेवटी कुणीतरी हिंमत दाखवली."
हिंमत.
मी तर फक्त यादी वाचली होती.

बुळ्यांनीच पेढे आणले,
चौकातल्या त्या दुमजली दुकानातले,
जिथं मिठाई खोक्यासकट तोलतात हे अख्ख्या गावाला ठाऊक.
रिकामं खोकं मी घरच्या काट्यावर ठेवलं :
एक्केचाळीस ग्रॅम पुठ्ठा, पेढ्याच्या भावानं.
ते दुकान यादीत नव्हतं. कधीच नव्हतं.
आणि दोन पेढे मीही खाल्ले होते.

आता सांगा, चूक कुठं झाली?
पितळ खरं. काटा खरा. सात ग्रॅम खरे.
दंड नियमाला धरून,
अकरा पंचनाम्यांतली एकेक ओळ खरी.
अकरा खऱ्यांची बेरीज मात्र
एक खोटं येते.
हे गणित शाळेत नव्हतं.

लबाड दुकानदार पारड्याला बोट लावतो,
ते पकडायला मी शिकलो.
पण कुणाला पारड्यात घालायचं, कुणाला नाही,
हे ठरवणारं बोट
काट्यावर दिसतच नाही.
आणि एकतीस वर्षांत अशा किती याद्या आल्या असतील
ज्यांतली नावं मी नीट वाचलीच नाहीत?

पहाटे कचरागाडी गाणं वाजवत आली.
ओला, सुका, सगळे निमूट खाली उतरलो.
खोकं कशात टाकावं कळेना,
तूप लागलेलं.
तसंच वर घेऊन आलो.

सोमवारी नवी यादी टेबलावर. पुन्हा अकरा, पुन्हा एक गल्ली.
खाली थोडी जागा होती.
पेन काढलं, माझ्या अक्षरात लिहिलं : बारा.
पुढे टिंब दिलं.

साहेबांच्या दारावरचा दिवा अजून लाल आहे.
टिंबाची शाई वाळतेय,
आणि माझा हात, कागदापासून एवढ्याशा अंतरावर,
किती ढळला तर माफ
याचं कोष्टक शोधतोय.